४१७-ब

गवत म्हणावं तर गवत नाही.
गवताची फक्त ढब उचललेली.
खरं कूळ कळतं ते फुलोऱ्यात:
काटेरी तुरे, आणि मधाचा जरासा शिळा वास.
नर्सरीच्या पाटीवर लोमँड्रा.
नेरिडा ट्रेलोर नुसतं "ही मंडळी" म्हणते.

बेलिंजर नदीकाठी तिच्या तीन शेड,
त्यातली एक गळकी.
त्याआधी अठरा वर्षं ती नगरपालिकेत, गवतकापणीवर.
दुभाजकावर उभं राहायचं, पाठीला मशीन, कानांत बोळे,
ट्रक इतके खेटून जायचे
की टोपी त्यांच्याच मागे निघायची.
एका दुपारी एका ट्रकचा आरसा
डग पेन्हालच्या खांद्याला लागला.
तेव्हा तो नुसता सोबत काम करणारा होता. नवरा नंतर झाला.
डावा हात अजून कानाच्या वर जात नाही,
भांग नेरिडा पाडून देते.

म्हणून तिला हवं होतं
कापावंच लागणार नाही असं काहीतरी,
गुडघ्याखाली आपलं आपण थांबणारं.

यांच्यात नर निराळा, मादी निराळी.
सोयरीक जुळवायची तर कुंडी उचलून कुंडीशेजारी न्यायची,
वर जाळी टाकायची, भुंग्यांना बाहेर ठेवायचं,
आणि रंगकामाच्या ब्रशाने मध्यस्थी करायची.
बी चार महिने गप्प बसतं.
कधी कायमचं.
उगवलं तर तीन वर्षं बघायचं,
आणि मग टाकून द्यायचं.

टाकणं हेच खरं काम.
हा ढेंगाळा. ही मधोमध पिवळी पडते.
हा गोजिरा, पण थंडीत टोकं जाळून घेतो.
हिच्यात खोट काही नाही, म्हणूनच नको,
अशा हिच्या शंभर बहिणी बाजारात आहेत.
अकरा वर्षांत नऊ हजार गेली खताच्या ढिगावर.
एक राहिलं.
चौथा वाफा, सतरावी कुंडी. ४१७-अ पुरात वाहून गेलं होतं.

हक्काच्या अर्जात तीन प्रश्न:
वेगळं आहे का?
सगळी एकसारखी येतात का?
पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं का?
"माझ्याबद्दल विचारलं असतं," डग म्हणाला,
"तर तिन्ही ठिकाणी नाही लिहावं लागलं असतं."
पान मोजलं: सव्वीस सेंटिमीटर.
पुन्हा मोजलं. सव्वीसच.

आंटी लॉरेल दर शरदात येते,
मागच्या ओढ्याची लांब पानं न्यायला, टोपल्यांसाठी.
नदीचं जुनं नाव तिला ठाऊक आहे,
कुणी विचारलं तरच सांगते.
तिने ४१७-बचं एक पान अंगठ्याच्या नखाने उभं चिरलं,
बोटाभोवती गुंडाळलं.
वेढा पुरा व्हायच्या आत पान संपलं.
"देखणं आहे गं," ती म्हणाली,
"पण यात विणायचं काय? काडेपेटी?"
दोघी हसल्या.
आंटी लॉरेलचं हसू आधी थांबलं.

ओढ्याकाठची पानं नेरिडाने कधी मोजली नव्हती.
त्या संध्याकाळी टेप घेऊन गेली.
एक मीटर दहा. पुढचं एक मीटर चोवीस.
वहीत लिहिलं नाही.

आता प्रयोगशाळेत, बाटल्यांमध्ये,
एकाच्या लाख होतात, कुणाचीही सोयरीक न करता.
कंपनीने त्याला एक चकचकीत नाव दिलं,
ते तिला आठवत नाही.
पार्किंग, दवाखान्याचं आवार, बँकेची पायरी,
कुणी वळून बघत नाही.
बघू नये असंच ते केलं होतं.

शहराबाहेरच्या चौकात, वर्तुळात, तीनशे रोपं.
नेरिडा गाडी एकदा जास्तीच फिरवते.
"चुकलीस," डग म्हणतो. तिला ते ऐकायचंच असतं.
पुढे तो दुभाजक येतो.
आता तिथे कापायला कुणीच नसतं,
तरी कामावरच्यांना करायचा तसा
तो काचेतून हात करतो,
उजवा.